ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर आणि भाच्याची तेलाची बाटली

प्रश्न : आम्ही महालात राहतो. वाडा पाडून तिथे फ्लॅट होणार म्हणून माळा रिकामा करत होतो, तेव्हा आजेसासऱ्यांच्या लोखंडी ट्रंकेत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर निघालं. आजेसासरे उमरेडकडे मालगुजार होते. सासरे होते तोवर खंडेनवमीला हे रिव्हॉल्व्हर पूजेत असायचं. हळदीकुंकू वाहिलं की परत ट्रंकेत. ते गेल्यावर ट्रंक कुणी उघडली नव्हती. घरात सांगतात की अठराशे सत्तावन सालच्या गडबडीत एका गोऱ्या साहेबाकडून ते आमच्याकडे आलं. त्यावर राणीचा मुकुट आहे, आणि इंग्रजीत ‘ब्रिटिश बुल डॉग’ असं कोरलेलं आहे. मूठ हस्तिदंती आहे, एका बाजूने तुटलेली. सोबत बामच्या डबीत चार काडतुसं आहेत, हिरवी पडलेली. भाचा म्हणतो, “मामी, घोडा चढून राहिला, म्हणजे मशीन चांगली आहे.” त्याने खोबरेल तेल सोडून चक्र फिरवूनही पाहिलं. ते रिकामं आहे म्हणतो, पण हाताने हलवलं तर खुळखुळतं. यजमान म्हणतात, फुटाळा तलावात टाकून मोकळे व्हा. दिरांच्या ओळखीचा जुन्या वस्तूंचा व्यापारी दोन लाख देतो म्हणतो. परवान्याचा कागद कुठे दिसत नाही. फोटो पाठवते आहे. हे मौल्यवान आहे का? घरात ठेवता येईल का? दसऱ्याला पूजेत ठेवावं का?

– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर :

ताई, आधी भाच्याच्या हातातून ती तेलाची बाटली काढून घ्या. बाकीचं मग बोलू.

रिव्हॉल्व्हर त्याच धोतराच्या तुकड्यावर, नळी वाड्याच्या जाड बाहेरच्या भिंतीकडे करून ठेवा. खोलीला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. काडतुसांची डबी दुसऱ्या खोलीत, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब, ऊन येणार नाही अशा जागी असू द्या. डबी हलवून, काडतुसं हातावर घेऊन पाहुण्यांना दाखवणं बंद. चक्र रिकामं आहे असं भाचा सांगतो, ते खरंही असेल. पण ते तपासायला आता कुणीही ते उचलायचं नाही. समोरून डोकावणं म्हणजे नळीच्या तोंडात डोळा घालणं, आणि काडतूस चक्रातल्या त्याच्या घरात खोल बसलं असेल तर समोरून अंधाराशिवाय काही दिसत नाही. ते काम ज्याचं आहे त्याच्याकडून करून घेऊ.

आता फोटोंकडे वळतो. तुमच्या घरातली कथा मला मोडावी लागणार आहे. त्याबद्दल रागावू नका, कारण तिच्या जागी जे निघतं तेही ऐकण्यासारखं आहे.

नळीच्या बुडाशी जो मुकुट आहे तो व्हिक्टोरिया राणीचा नाही. फोटो मोठा करून बघा. मुकुटाच्या खाली एक लांबट गोल आहे, त्यात ‘ई, एल, जी’ अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि खाली चांदणी. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या प्रूफ हाउसचा छाप. लिएजमध्ये १६७२ पासून बंदुका तपासून छाप मारायची पद्धत आहे, आणि या गोलावर मुकुट आला तो १८९३ मध्ये. म्हणजे तुमचं रिव्हॉल्व्हर १८९३ च्या आधी त्या प्रूफ हाउसमधून बाहेर पडलेलं असूच शकत नाही. सत्तावन सालाला छत्तीस वर्षं उलटून गेली होती. नागपुरात सत्तावनच्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला, सीताबर्डीवर माणसं फासावर गेली, हे सगळं खरं. त्या दिवसांत तुमच्या घराण्याचं कुणी तिथे असेलही. पण हे हत्यार नव्हतं.

‘ब्रिटिश बुल डॉग’ या नावाचीही गंमत आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये त्या नावाचं आखूड नळीचं, पाच घरांचं, कोटाच्या खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर काढलं. ते इतकं खपलं की लिएजच्या कारखानदारांनी, अमेरिकेतल्या फोरहँड अँड वॉड्सवर्थसारख्यांनी, सगळ्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि वर नावही तेच ठोकलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर १८८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. तेव्हा ‘ब्रिटिश’ हा शब्द म्हणजे विलायतेचा दाखला नव्हे. गिऱ्हाइकाला विलायती माल हवा असे, म्हणून बेल्जियमच्या मालावर इंग्रजी नाव.

लिएजमध्ये चांगली हत्यारंही पुष्कळ झाली, हे सांगायला हवं. पण स्वस्त मालाची तिथली रीत वेगळी होती. आसपासच्या खेड्यांतून घरोघरी कारागीर बसलेले. एक जण नळ्या घासतो, दुसरा घोड्याची कळ बनवतो, तिसरा चक्राला घरं पाडतो. व्यापारी हे सुटे भाग गोळा करून जोडून घेई. प्रत्येक नगाचे भाग कानशीने घासून घासून त्याच नगाला बसवलेले. त्यामुळे एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही, आणि भाव पाडायचा म्हणजे पहिली काटछाट पोलादात आणि कानस मारायच्या वेळात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत हे सगळं दिसतं. चक्र आणि नळी यांच्यामधली फट वरच्या बाजूला बारीक आहे आणि खाली जवळपास दुप्पट. म्हणजे नळी सरळ बसलेली नाही किंवा चक्राचा दांडा झिजलाय, बहुधा दोन्ही. घोड्यामागच्या स्क्रूची खाच एका अंगाला फाटलेली आहे, म्हणजे तुमच्या घरात किंवा त्याआधी कुणीतरी चुकीच्या पेचकसाने ते उघडून पाहिलंय. निकेलचा मुलामा चक्रावर पापुद्र्यासारखा सुटलाय आणि त्याखालचं लोखंड खड्ड्याखड्ड्यांचं आहे. मुलामा चकचकीत असतो तोवर आतलं लोखंड कसं आहे ते कुणाला कळत नाही, आणि स्वस्त मालावर तो एवढ्यासाठीही दिला जाई. चक्राच्या खाचांत पिवळं-लाल जे काही साचलंय ते खंडेनवम्यांचं हळदीकुंकू. दर वर्षी वाहिलेलं, कधी न झटकलेलं. ते पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतं, आणि त्याच्याखाली गंज सुखात वाढतो.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत काळजीचं वाटलेलं वाक्य भाच्याचं आहे. घोडा चढतो म्हणजे यंत्र चांगलं, हा हिशेब घड्याळाला ठीक. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागची हातोडी, चढणं हे सगळ्यांत सोपं काम. अवघड काम त्याच्या पुढचं: घोडा चढताना आतला पंजा चक्राला एक घर पुढे ढकलतो, खालची खीळ चक्राच्या खाचेत बसते, आणि घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबतं. हे ‘बरोबर’ केसाएवढं चुकलं तरी गोळी नळीच्या तोंडावर तिरपी आदळते. तिचे शिशाचे कपचे बाजूच्या फटीतून उडतात, ते चालवणाऱ्याच्या हातावर नाहीतर शेजाऱ्याच्या डोळ्यात. घर फारच सरकलेलं असेल तर गोळी अडकते आणि मागचा सगळा दाब चक्र फोडून बाहेर पडतो. तुमचं चक्र हाताने हलवलं तर खुळखुळतं, असं तुम्हीच लिहिलंय. मऊ लोखंडाची खीळ झिजली की हे होतं.

दुसरी खोड या जुन्या हत्यारांच्या घडणीतच आहे. चांगल्या आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचू नये अशी आडकाठी आत असते. त्या काळच्या स्वस्त मालात ती नसते. घोडा खाली असला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे घाव बसला की ठिणगी पाडणाऱ्या भागावर, टेकतं. वरून काही पडलं, हातातून निसटून फरशीवर आपटलं, तरी बार होऊ शकतो. म्हणून जाणते लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवून हिंडत. अर्ध्यावर घोडा अडकवायची खाच असते, पण तिचीही धार मऊ पोलादाची असली की कधी सुटेल याचा नेम नाही. भाच्याने जेव्हा घोडा चढवला आणि मग अंगठ्याने हळूच खाली सोडला, तेव्हा त्याचा अंगठा हीच काय ती सुरक्षा होती. तेलाचा हात होता ना?

“पण प्रूफचा छाप आहे, म्हणजे तपासलेलं आहे,” असं दीर म्हणतील. छापाचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी त्या माणसांनी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला आणि हत्यार फुटलं नाही. तेही काळ्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या दारूने. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू काढली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या सैन्यांनी ती उचलली. तिचा दाब वेगळा, चढण्याचा वेग वेगळा. लिएजमध्ये तिच्यासाठी निराळी चाचणी आणि सिंहाचा निराळा छाप असतो. तुमच्या चार फोटोंत मला सिंह कुठे दिसला नाही. त्यामुळे उद्या कुणी ‘अमुक काडतूस यात बसतं’ म्हणून घेऊन आलं तर त्याला दारातून परत पाठवा. बसतं याचा अर्थ लोखंड ते पेलतं असा होत नाही.

काडतुसांबद्दल थोडं. हिरवं जे दिसतंय तो पितळेचा गंज. जुन्या टोप्यांत बहुधा पाऱ्याचं संयुग असे. ते शंभर वर्षांनी मेलेलंही असू शकतं आणि जिवंतही. बाहेरून ते कळत नाही. पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ होतं, हे मात्र नक्की. चिंच लावून घासू नका, पुसू नका, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. स्फोटकांवर देशभर लक्ष ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. कुणी उत्साही माणूस डबी घेऊन तिकडे निघण्याआधी सांगतो, चार काडतुसांचा प्रश्न पोलीस ठाण्यातच सुटतो.

मूठ हस्तिदंती असेल तर आणखी एक भानगड उभी राहिली असती, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हस्तिदंत जवळ बाळगायलाही कागद लागतो. पण मला ती हाडाची वाटते. तुटलेल्या कडेचा फोटो बघा: कापलेल्या भागावर बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या आहेत. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, इथे ती नाही. नीट परीक्षा हातात घेऊनच होईल, पण स्वस्त रिव्हॉल्व्हरला हाडाची मूठ, हे गणित जुळतं.

आता कायदा. यात नागपुरात सर्रास एक गैरसमज आहे, की शंभर वर्षं जुनं म्हणजे ‘अँटिक’ आणि अँटिकला परवाना नको. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे खरी. पण शब्द नीट वाचा: हत्यार कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं असावं, आणि दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, ते बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. ‘दुरुस्ती करूनही’ हे इथलं मर्म आहे. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चढतो, चक्र फिरतं, नळी आरपार आहे. भाचा आणि त्याचा कुणी लेथवाला मित्र मिळून उद्या खीळ बदलतील, तर त्यांनी स्वतःच्या हाताने ते कायद्याच्या सुटीतून बाहेर काढलेलं असेल. शिवाय परवान्याशिवाय हत्यार दुरुस्त करणं हाही गुन्हाच.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने नियमांत एक बदल केला: ‘क्युरिओ’, म्हणजे जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या, गटात मोडणारी लहान शस्त्रं जवळ ठेवायला परवाना लागत नाही, वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला मात्र लागतोच. ही बातमी दीर तुम्हाला दाखवतील म्हणून आधीच सांगतो. तुमचं हत्यार त्या गटात बसतं का, हे ठरवणारे ते नव्हेत, मीही नव्हे आणि तो व्यापारी तर नव्हेच. ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी म्हटलं पाहिजे. नागपूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

तोवर धरून चाला की ते विनापरवाना शस्त्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसतं जवळ बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं झाली आहे. विनापरवाना विक्रीची किमान सात वर्षं, आणि वरची मर्यादा जन्मठेपेची. व्यापाऱ्याचे दोन लाख या आकड्याशेजारी ठेवून बघा. घाबरवायला हे लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. माळ्यावर काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाला त्यासाठी धरता येत नाही. अडचण अशी की आता तुम्हाला माहीत आहे, आणि सासऱ्यांच्या काळात खंडेनवमीला ते सगळ्यांसमोर पाटावर होतं. म्हणून उशीर न करणं यातच तुमचं हित आहे. हे काम याच आठवड्यात उरका.

कसं करायचं ते सांगतो. रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून रिक्षाने ठाण्यात नेऊ नका. वाटेत कुणी अडवलं तर समजावत बसाल. एखाद्या वकिलाकडून साधा अर्ज लिहून घ्या: अमुक तारखेला वाडा रिकामा करताना वस्तू सापडली, सोबत चार काडतुसं, कुणी वापरलेली नाहीत, शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जमा करायची आहेत. तो घेऊन तुम्ही आणि यजमान तुमच्या भागाच्या ठाण्यात जा, ठाणेदारांना भेटा, आणि घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्या अशी विनंती करा. पंचनाम्यात छाप, क्रमांक, काडतुसांची संख्या, तुटलेली मूठ, सगळं नोंदवून घ्या. पोचपावती घेतल्याशिवाय दार लावू नका. तेल भाच्याने घातलं हेही सांगून टाका. ताज्या तेलाचा वास ठाण्यातल्या कुणालाही येईल, आणि न विचारता सांगितलेली गोष्ट विचारल्यावर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा बरी.

कलम २१ मध्ये जमा केलं म्हणजे ते कायमचं गेलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत तुम्ही ते बाळगायला पात्र ठरलात तर परत मागता येतं, किंवा ज्याला अधिकार आहे अशाला देता येतं. काहीच केलं नाही तर सरकारजमा होतं. यजमानांच्या फुटाळ्याच्या बेतापेक्षा हे कितीतरी चांगलं. तलावात टाकलेल्या वस्तू गाळ काढताना वर येतात, आणि जे सरळ ठाण्यात देता आलं असतं ते लपवलं कशाला, याचं उत्तर मग कुणापाशी नसतं.

ट्रंक पुन्हा एकदा तळापर्यंत बघा, पण या वेळी कागदांसाठी. आपलं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा जुना परवाना असला तर तो जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरच्या सहीचा, १८७८ च्या इंडियन आर्म्स अ‍ॅक्टखालचा असेल. ‘परवाना’ असं मराठीत त्यावर कुठे लिहिलेलं नसेल. इंग्रजी छापील कागद, वर हत्याराचं वर्णन आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या सह्या. मालगुजारीच्या वसुलीच्या वह्यांत, जमिनीच्या कागदांत असे कागद दडून बसतात. तो सापडला तर तुमच्या अर्जाचं वजन बदलतं, आणि वारसाच्या नावाने परवाना मागायचा रस्ता २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे.

तो कागद मला आणखी एका कारणासाठी हवासा वाटतो. १८७८ च्या त्या कायद्यात गोऱ्यांना सूट होती, हिंदी माणसाला परवाना लागे. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्यावर वर्षानुवर्षं ठराव झाले. उमरेडकडच्या मालगुजाराच्या घरात बेल्जियमचं खिशातलं रिव्हॉल्व्हर कसं आलं, हा प्रश्न म्हणूनच मला गोऱ्या साहेबाच्या कथेपेक्षा जास्त रंगतदार वाटतो. डुकरं हाकायला किंवा वाघावर ते कुचकामी. आखूड नळीचं हत्यार दहा पावलांपलीकडे काय लागणार? ते बहुधा वसुलीची रक्कम घेऊन बैलगाडीने नागपूर गाठणाऱ्या माणसाच्या धीरासाठी असावं. मुंबईची रेल्वे १८६७ पासून नागपूरला होतीच, आणि कलकत्त्याच्या मँटन, रोडा अशा पेढ्या विलायती हत्यारं देशभर विकत. (याच रोडा कंपनीची माउझर पिस्तुलं बंगालच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ ला भर कलकत्त्यात पळवली.) नळीच्या वरच्या पट्टीवर कधीकधी अशा दुकानदाराचं नाव कोरलेलं असतं आणि लोक त्यालाच कारखानदार समजतात. तुमच्या फोटोत तिथे हळदीची पुटं आहेत. खरवडू नका. पंचनाम्याच्या वेळी अंमलदार वाचतील ते वाचतील.

किमतीचं उत्तर दोन ओळींत देता येतं. बेल्जियमचे असे बुलडॉग युरोप-अमेरिकेच्या लिलावांत नेहमी येतात आणि फारसा भाव मिळवत नाहीत. तुटकी मूठ, सुटलेलं निकेल, खुळखुळतं चक्र असेल तर आणखी कमी. साध्या हत्याराला मोल येतं ते कागदांमुळे. पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीने १८७३ मध्ये ब्रुसेल्सला आर्थर रँबोवर ज्या लेफोशोच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली, ते २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना गेलं. हत्यार म्हणून ते काही फार उंची नव्हतं. तुमच्याकडे साहेबाचं नाव नाही, कागद नाही, आणि जो छाप आहे तोच कथेच्या विरुद्ध साक्ष देतोय. मग व्यापारी दोन लाख कशाला देतो? माझा अंदाज विचाराल तर त्याला पुढे ते ‘सत्तावनचं’ म्हणून पाच लाखांना खपवायचं असेल, किंवा चालतं हत्यार हवं असलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे असेल. दोन्हींत तुमचं नाव पहिल्या विक्रेत्याच्या जागी येतं. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाकडे पाठवून विकायचा विचारही नको. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

ते खरंच कुणी जाणत्याने बघावं असं वाटत असेल तर सिव्हिल लाइन्सच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथे फोटो आणि पोचपावतीची प्रत घेऊन जा, हत्यार नव्हे. संग्रहालयाने ते घ्यायचं ठरवलं तर पोलिसांमार्फत रीतसर जाईल. मी तुमच्या जागी असतो तर हाच रस्ता धरला असता. फक्त पाटीवर ‘१८५७’ लिहायला लावू नका.

यदाकदाचित ते रीतसर परत मिळालं, तर मग तेलाचं बोलू. खोबरेल तर मुळीच नको. आपल्याकडे डिसेंबरात ते बाटलीतच थिजतं, तसंच कळीतही थिजतं, आणि नंतर खवट होऊन धातू खातं. कोरडं सुती कापड आणि यंत्राच्या पातळ तेलाचा एक हात, बस्स. लिंबू, ब्रासो, तारेची घासणी यांनी निकेलबरोबर छापही जातो, आणि छाप गेला की उरतं ते निनावी लोखंड.

दसऱ्याचं विचारलंत. ते ठाण्यात जमा असेल तेव्हा प्रश्नच नाही, आणि परत आलं तरी पाटावर मांडू नये असं माझं मत आहे. पूजेच्या दिवशी घरात पोरंटोरं, पाहुणे, सगळ्यांचे हात तिथे पोचतात. खंडेनवमीला कोयता, विळी, सासऱ्यांचा अडकित्ता, शिलाई मशीन, गाडीची किल्ली मांडा. आजेसासऱ्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या वसुलीची वही ठेवली तरी कुणी नाही म्हणणार नाही.

एक राहिलं. भाच्याने घोडा चढवतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला असेल, आणि या वयात काढलाच असेल, तर तो आणखी कुणाला पाठवू नये. आधीच कुठे टाकला असेल तर घाईने पुसण्याआधी वकिलांना दाखवा, अर्ज त्यानुसार लिहिता येईल. आणि मला पुढचे फोटो पाठवाल तेव्हा चक्राखालचा क्रमांक झाकून काढा. तो आकडा ठाण्याच्या नोंदीत असला म्हणजे पुरे.